अमळनेरची सात वर्षे : तिशीतील पुरुषाचे आरोग्य आणि खानदेशातील व्यायामविचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील व्यायामचळवळीचा इतिहास लिहिताना काही गावांची नावे हमखास येतात. माणिकरावांचे बडोदे, १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ जेथे स्थापन झाले ते अमरावती, पंतप्रतिनिधींच्या सूर्यनमस्कारांचे औंध आणि मल्लविद्येचे कोल्हापूर ही ती नावे होत. या यादीत खानदेश सहसा नसतो. खानदेश म्हटले की कापूस, केळी, उन्हाळा आणि अलीकडच्या काळात वांग्याचे भरीत एवढेच उर्वरित महाराष्ट्राला आठवते. मात्र आधुनिक योगव्यायामाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजेच पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, हे आपल्या वयाच्या तेहतिसाव्या वर्षापासून चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत पूर्व खानदेशातील अमळनेर येथे शिक्षक होते, ही गोष्ट अभ्यासकांकडून दुर्लक्षित राहिली आहे. प्रस्तुत निबंधात या सात वर्षांचा, म्हणजे १९१६ ते १९२३ या कालखंडाचा, एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने विचार केला आहे. तारुण्य ओसरू लागलेल्या, प्रपंचात व नोकरीत गुंतलेल्या पुरुषाने आपले शरीर कसे राखावे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्याकडील परंपरागत व्यायामसंस्थेत या वयाच्या पुरुषाला निश्चित असे स्थान नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. सुश्रुतसंहितेत मध्यम वयाचे टप्पे सांगितले आहेत. त्यांत विसाव्या वर्षापर्यंत वृद्धी, तिसाव्यापर्यंत यौवन, चाळिसाव्यापर्यंत संपूर्णता आणि त्यानंतर हानी असा क्रम आहे. म्हणजे तिशी ते चाळिशी हे दशक प्राचीन वैद्यकाने देहाच्या भरतीचे मानले. पण हीच भरती ओहोटीच्या अगदी अलीकडची असते. गावच्या तालमीचा हिशेब मात्र निराळा होता. पोरगा दहा-बारा वर्षांचा झाला की लंगोट बांधून हौद्यात उतरे, विशीत जत्रांचे फड गाजवी आणि लग्न होऊन दोन मुले झाली की तालमीतून आपोआप बाहेर पडे. जो फारच नामांकित असेल तो वस्ताद होई. बाकीच्यांच्या वाट्याला सुटलेले पोट आणि जुन्या कुस्त्यांच्या आठवणी येत. विशीत खुराकाची लागलेली सवय तिशीत व्यायाम सुटल्यावरही सुटत नसे.

श्रमाचे शरीर आणि तालमीचे शरीर

खानदेशापुरते बोलायचे तर येथे शरीरश्रमाची कधीच वाण नव्हती. तापीकाठच्या काळ्या जमिनीत राबणारा कुणबी, वर्षाच्या बोलीवर बांधलेला सालदार, जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी वाहणारा हमाल आणि सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल यांना व्यायामाचा उपदेश करणे हास्यास्पद ठरले असते. धरणगाव येथे १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांची पलटण उभारली. त्या वेळी तो अवघा बावीस वर्षांचा होता. ज्यांना सरकार लुटारू समजत होते त्या डोंगरी माणसांच्या काटकपणाचा आणि चालण्याच्या ताकदीचा राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी उपयोग करून घेतला, एवढाच त्या घटनेचा येथे संबंध आहे.

श्रमिकाचे शरीर बळकट असले तरी ते निरोगी असतेच असे नाही. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानातील माणसाचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांहूनही कमी होते. या आकड्यामागे बालमृत्यूंचे प्रमाण मोठे आहे, त्यामुळे माणसे पंचविशीतच मरत असा त्याचा अर्थ करणे चूक ठरेल. तरीही प्लेग, पटकी, हिवताप आणि दुष्काळ यांतून वाचून तिशी गाठलेला पुरुष हा कुटुंबाचा एकमेव आधार असे, आणि तो आडवा झाला की घर बसे, हे निर्विवाद आहे. श्रमिकाला गरज होती ती विश्रांतीची, स्वच्छ पाण्याची आणि पोटभर अन्नाची.

याच सुमारास खानदेशात एक नवा वर्ग वाढत होता. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी कचेऱ्या, न्यायालये आणि शाळा वाढल्या. वकील, कारकून, शिक्षक, अडत्यांकडील मुनीम असे बैठे काम करणारे पुरुष आता संख्येने डोळ्यांत भरू लागले. यांच्या वाट्याला ना शेतकऱ्याचे श्रम आले, ना पैलवानाची तालीम. अपचन, मलावरोध, मूळव्याध, पाठदुखी आणि झोप न लागणे ही त्यांची दुखणी. तत्कालीन वृत्तपत्रांतील औषधांच्या जाहिराती चाळल्या तर शक्तिवर्धक गोळ्या आणि पाचक चूर्णे यांचाच भरणा आढळतो. ही गिऱ्हाइके अर्थातच तरुण पैलवान नव्हती.

या वर्गापुढे बलोपासनेचा आदर्श होता, तो समर्थ रामदासांचा. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे समर्थ वाङ्मयाच्या संशोधनाला वाहून घेतले होते. डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या प्रतीवरून त्यांनी सिद्ध केलेली दासबोधाची आवृत्ती १९०५ मध्ये प्रसिद्ध झाली. मारुतीची उपासना म्हणजे शक्तीची उपासना आणि शक्तीची उपासना म्हणजे राष्ट्रकार्य, हे समीकरण त्या पिढीच्या मनात पक्के रुजले. त्यामुळे शरीर कमावण्याला नैतिक प्रतिष्ठा लाभली. परंतु समीकरणातून कृती निघेलच असे नसते. चाळिशीकडे झुकलेला वकील मारुतीला तेल घालून कचेरीत जाई आणि संध्याकाळी पुन्हा गादीवर बसे. जोर किती काढावेत, ते या वयात झेपतील काय, छातीत धडधडले तर थांबावे की नेटाने पुढे जावे, हे त्याला कोणी सांगत नव्हते. अष्टांगहृदयात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा असा दंडक आहे आणि उन्हाळ्यात तो आणखी कमी करावा असेही सुचविले आहे. खानदेशच्या वैशाखात हा सल्ला किती व्यवहार्य आहे हे येथे राहणाऱ्याला सांगावयास नको. पण तालमीत त्या काळी हजारांच्या आकड्यांची प्रतिष्ठा होती.

बडोद्याहून अमळनेरला

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे झाला. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपल्याने त्यांचे शिक्षण हलाखीत झाले. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली आणि पुढे ते बडोदे महाविद्यालयात दाखल झाले. अरविंद घोष त्या वेळी तेथे अध्यापन करीत असत. त्यांच्या विचारांचा आणि लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा परिणाम गुण्यांवर कायमचा राहिला.

१९०७ ते १९१० या काळात त्यांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न माणिकरावांकडे भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. माणिकराव हे केवळ वस्ताद नव्हते. विखुरलेल्या तालीमविद्येला त्यांनी शिस्त आणली, सामुदायिक कवायतीला देशी हुकूम दिले आणि हाडवैद्यकीचा अनुभव व्यायामाला जोडला. एका मुसलमान उस्तादाच्या नावाने चाललेल्या आखाड्यात एक मराठी गुरू संस्कृतच्या एका पदवीधराला शिकवितो, हे चित्र त्या काळच्या व्यायामसंस्कृतीविषयी पुष्कळ काही सांगून जाते. म्हणजे गुण्यांची पहिली दीक्षा ही जोर, बैठका, लाठी आणि मल्लखांब यांचीच होती. योगाकडे ते तालमीच्या दारातून आले, मठाच्या दारातून नव्हे. या निबंधातील पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे.

१९१६ मध्ये ते अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. बोरी नदीकाठचे हे तालुक्याचे गाव त्या काळी केवळ कापसाची पेठ राहिले नव्हते. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या कापडगिरणीने गावाला कामगार दिले होते, आणि त्यांच्याच औदार्याने १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या खानदेश एज्युकेशन सोसायटीने शिक्षणाचे काम आरंभिलेले होते. साने गुरुजी याच तत्त्वज्ञान मंदिरात १९२३ मध्ये आले आणि पुढील वर्षापासून ते प्रताप हायस्कूलमध्ये शिकवू लागले, हे सर्वश्रुत आहे. गिरणी, शाळा आणि तत्त्वज्ञान यांचा असा संगम त्या काळातील तालुक्याच्या गावी विरळाच. सुरत-भुसावळ लोहमार्ग अमळनेरवरून जात असल्याने येथून सुरतमार्गे बडोदे गाठणे सोपे होते. गुण्यांच्या पुढील आयुष्यात या लोहमार्गाला बराच अर्थ आला.

राष्ट्रीय शिक्षणाच्या कल्पनेत शरीरशिक्षणाला आरंभापासून स्थान होते. सरकारी शाळेतील मुलगा परीक्षेपुरता जगतो, त्याचे डोळे आणि पाठ विशीतच म्हाताऱ्या होतात, अशी राष्ट्रीय पक्षाची तक्रार होती. पण प्राचार्यपदी असलेल्या माणसाचे काय? तेहतिसाव्या वर्षी गुणे स्वतःच त्या बैठ्या वर्गात आले होते. दिवसभर अध्यापन, संस्थेचा व्याप, वर्गणी, पत्रव्यवहार आणि जोडीला सरकारची पाळत, अशा दिनक्रमात तालमीला वेळ किती उरतो हे कोणत्याही शिक्षकाला कळण्यासारखे आहे.

१९१८ चे वर्ष

या सात वर्षांच्या मध्यावर इन्फ्लुएन्झाची साथ आली. जून १९१८ मध्ये तिने मुंबईत प्रवेश केला आणि सप्टेंबरपासून तिची प्राणघातक लाट मुंबई इलाखाभर पसरली. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला, धान्य महागले आणि उपाशी शरीरांवर साथीने घाला घातला. एका अंदाजानुसार हिंदुस्थानात सव्वा कोटी, तर दुसऱ्या अंदाजानुसार त्याहून कितीतरी अधिक माणसे दगावली. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातील देशाची लोकसंख्या घटलेले एकमेव दशक ठरले, त्याचे मुख्य कारण ही साथ होती.

या साथीचा एक विशेष वैद्यकाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. एरवी फ्लू लहान मुले आणि वृद्ध यांना नेतो. १९१८ च्या साथीने वीस ते चाळीस या वयोगटालाही मोठ्या प्रमाणावर लक्ष्य केले, आणि हिंदुस्थानात स्त्रिया तर पुरुषांहूनही अधिक बळी पडल्या. ज्या दशकाला सुश्रुताने संपूर्णता म्हटले त्याच दशकातील धट्टीकट्टी माणसे चार दिवसांत गेली. दंड आणि छाती पाहून माणसाच्या आरोग्याचा अंदाज बांधण्याची जी रीत होती तिला याहून मोठा धक्का दुसरा नसेल.

साथीमुळे गुणे योगाकडे वळले असे म्हणणे धाडसाचे होईल, आणि तसे म्हणण्याची आवश्यकताही नाही. मात्र १९१९ मध्ये, म्हणजे साथीच्या लगोलग, त्यांची नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याशी भेट झाली. माधवदास मूळचे बंगाली आणि वयाने अतिवृद्ध होते. त्यांनी गुण्यांना योगाच्या क्रियांचा परिचय करून दिला. तेव्हा गुणे छत्तीस वर्षांचे होते. तालमीत तयार झालेल्या शरीराला आता उड्डियान, नौली, प्राणायाम यांची ओळख झाली. येथे दंडाचा घेर मोजण्याचा प्रश्नच नव्हता. सारा व्यवहार पोटाच्या आतला, श्वासाचा आणि मज्जातंतूंचा होता.

बंद पडलेले महाविद्यालय आणि क्ष-किरणांचा पडदा

१९२० मध्ये राष्ट्रीय वृत्तीच्या संशयावरून सरकारने अमळनेरचे महाविद्यालय बंद पाडले. गुण्यांनी खानदेश मात्र लगेच सोडला नाही. १९२३ पर्यंत सोसायटीच्या संस्थांत ते भारतीय संस्कृतीचे अध्यापन करीत राहिले. प्राचार्यपद जाऊन शिक्षकपण उरले, आणि त्याबरोबर काही मोकळा वेळही हाती आला असावा. संस्था मोडल्यावर माणसे कडवट होतात किंवा राजकारणात उडी घेतात. गुण्यांनी तिसराच मार्ग धरला.

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या माणसाच्या पोटाची क्ष-किरणांनी पाहणी केली. राँटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला १८९५ मध्ये. त्यानंतर पंचवीस वर्षांनी खानदेशातील एक संस्कृतचा शिक्षक हे नवे यंत्र वापरून हठयोगाच्या जुन्या क्रिया तपासू पाहतो, ही घटना आजही विलक्षण वाटते. माधवदासांनी सांगितले म्हणून खरे, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. गुरूवरील श्रद्धा आणि यंत्राचा पुरावा यांत त्यांना विरोध दिसला नाही. माधवदास १९२१ मध्ये निवर्तले.

पुढे १९२४ मध्ये विजयादशमीच्या मुहूर्तावर लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या अंकांत नौलीच्या प्रयोगांचे निष्कर्ष छायाचित्रांसह आले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, म्हणूनच बस्तिक्रियेत पाणी आपोआप वर ओढले जाते, हे त्यांनी दाबमापकाने दाखविले आणि त्या निर्वात स्थितीला आपल्या गुरूंचे नाव दिले. सर्वांगासन व मत्स्यासन यांचा रक्तदाबावर होणारा परिणामही त्यांनी मोजला. या प्रयोगांचा पसारा लहान होता, प्रयोगात भाग घेणारी माणसे मोजकी आणि सरावलेली होती. आजच्या कसोटीवर त्यांतील सर्वच निष्कर्ष टिकणार नाहीत. मात्र प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो ही लोकप्रिय समजूत त्यांनी स्वतःच प्रयोगाने तपासली आणि ती बरोबर नाही असे स्पष्ट सांगितले. आपल्याच पक्षाला गैरसोयीचा निष्कर्ष छापणारा प्रचारक क्वचितच सापडतो.

सामान्य प्रकृतीचा माणूस

कुवलयानंदांच्या कार्याचे मूल्यमापन बहुधा ‘योग आणि विज्ञान’ या अंगाने केले जाते. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे एक काम अधिक महत्त्वाचे मानावे लागेल. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आसनांवरील ग्रंथात त्यांनी साधकासाठी नव्हे, तर सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसासाठी अभ्यासक्रम आखून दिला. ज्याला वेळ आहे त्याच्यासाठी पूर्ण आणि ज्याला नाही त्याच्यासाठी छोटा, असे त्याचे प्रकार केले. त्यात भुजंगासन, शलभासन, धनुरासन, अर्धमत्स्येंद्रासन, पश्चिमोत्तानासन अशी पाठीच्या कण्याला चारी दिशांनी वळविणारी आसने असून शेवटी शवासन आहे. कोणत्या आसनात किती वेळ राहावे, तो वेळ आठवड्यागणिक कसा वाढवावा, कोणी शीर्षासन टाळावे, योगाभ्यास आणि जोरकस व्यायाम लागोपाठ का करू नयेत, हे सारे त्यात दिले. आसन करताना धक्के देऊ नयेत आणि थकवा येईपर्यंत करू नये यावर त्यांचा कटाक्ष होता.

तालमीच्या परंपरेशी हे ताडून पाहिले असता बदल लक्षात येतो. तालमीत हजार बैठकांनी मांड्या थरथरू लागल्या म्हणजे व्यायाम झाला असे मानीत. येथे थकवा हा दोष ठरला. तालमीत प्रतिस्पर्धी लागे, हौदा लागे, तेल आणि खुराक लागे. येथे एक सतरंजी आणि पहाटेची अर्धी घटका पुरे होती. तालमीतून निवृत्त झालेला, पण आयुष्यातून निवृत्त न झालेला जो तिशीचा पुरुष, त्याला प्रथमच त्याच्या वेळेचा, ताकदीचा आणि दुखण्यांचा हिशेब करणारा व्यायाम मिळाला. स्वतः गुणे त्याच वयातून, त्याच बैठ्या पेशातून गेले होते. लोणावळ्यास छापल्या गेलेल्या या अभ्यासक्रमाचे गिऱ्हाईक त्यांनी अमळनेरात आपल्या सहकाऱ्यांत आणि कदाचित आरशातही पाहिले होते, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

माणिकरावांकडील शिक्षण त्यांनी टाकून दिले असेही नाही. मुंबई सरकारने १९३७ मध्ये नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ज्या सरकारने सतरा वर्षांपूर्वी त्यांचे महाविद्यालय मोडले होते, त्याच इलाख्यात आता लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले होते, हा योगायोग लक्षणीय आहे. त्याच्या आदल्या वर्षीचे त्यांचे ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक पाहिले तर आसनांना कवायतीची शिस्त आणि हुकूम जोडलेले आढळतात. त्यामागील बडोद्याचा वारसा उघड आहे.

या विचाराच्या मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. हा अभ्यासक्रम वाचता येणाऱ्या, पहाट स्वतःच्या मालकीची असणाऱ्या पुरुषाचा होता. पहाटेच्या भोंग्याला गिरणीच्या दारात उभ्या राहणाऱ्या कामगाराला आणि सालदाराला त्याचा उपयोग नव्हता. त्याच घरातील स्त्री पहाटे जात्यावर बसे. तिच्या शरीराचा विचार या चळवळीत पुष्कळ उशिरा आला.

धुळ्याचा तुरुंग

जात्याचा उल्लेख आला म्हणून धुळ्याच्या तुरुंगाकडे वळणे क्रमप्राप्त ठरते. १९३२ च्या सविनय कायदेभंगात या तुरुंगात विनोबा भावे आणि साने गुरुजी एकत्र आले. विनोबा तेव्हा छत्तीस वर्षांचे, तर गुरुजी बत्तीस वर्षांचे होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि ते गुरुजींनी लिहून घेतले. ‘गीता प्रवचने’ या ग्रंथाचा हा जन्म सर्वांना ठाऊक आहे. ग्रंथ घडत असताना हे लोक सक्तमजुरीचे कैदी होते आणि दळणकांडण हा त्यांच्या दिवसाचा भाग होता, इकडे मात्र क्वचित लक्ष जाते.

२७ मार्च १९३२ च्या प्रवचनाचा विषय सहावा अध्याय होता. ध्यानयोगाच्या या अध्यायात आहार, विहार, निद्रा आणि जागृती यांत मोजमाप ठेवण्याचे सांगितले आहे. विनोबांनी त्याला ‘परिमितता’ हा शब्द योजला. कुवलयानंदांनी प्रयोगशाळेतून जो निष्कर्ष काढला, त्याच्याच जवळ विनोबा तुरुंगाच्या कोठडीतून पोहोचले होते. फरक एवढाच की विनोबांना वेगळ्या व्यायामाची गरज वाटत नव्हती. उत्पादक श्रम हाच त्यांच्या मते व्यायाम. जो जात्यावर दळतो त्याने भुजंगासन कशाला करावे, असा त्या विचाराचा रोख होता. बैठ्या वर्गाने शेतकऱ्याचे श्रम वाटून घ्यावेत, की आपले बैठे जीवन तसेच ठेवून पहाटे सतरंजी अंथरावी, या दोन मार्गांतील निवड खानदेशात अशी एकाच दशकात समोर आली. सुशिक्षित समाजाने दुसरा मार्ग पत्करला, कारण तो सोपा होता.

नंतरचे अमळनेर

२९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेर येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढण्यासाठी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. तीच पुढे विप्रो म्हणून जगभर गेली. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांना वनस्पती तुपाचा आधार वाटला, आणि शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेल्या प्रदेशात ते डालड्याच्या सर्वसाधारण नावाने पंगतीत आले. हायड्रोजनचा संस्कार केलेल्या अशा स्निग्धांतील ट्रान्स मेद हृदयविकाराला कारण होतो, हे विज्ञानाला पुढील काही दशकांत कळले. भारतात खाद्यतेले व स्निग्धांतील त्याचे प्रमाण जानेवारी २०२२ पासून कायद्याने दोन टक्क्यांवर आणले गेले आहे. पोटाच्या आरोग्यासाठी क्ष-किरणांपुढे उभे राहण्याची कल्पना ज्या गावातील शिक्षकाला सुचली, त्याच गावात पाव शतकानंतर हा कारखाना निघावा यात कोणाचा दोष नाही. आरोग्याविषयीचे ज्ञान टप्प्याटप्प्याने येते, एवढेच त्यातून दिसते.

आज जळगाव व धुळे येथील तिशीच्या पुरुषापुढचे संकट साथीचे किंवा उपासमारीचे राहिलेले नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका वाढतो असे वैद्यक मानते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला आहे. म्हणजे केवळ आसने पुरत नाहीत, दमसास वाढविणारे चालणे आणि माणिकरावांचे जोर-बैठकही लागतात. रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्याने शीर्षासनाच्या वाटेस जाऊ नये, हा वैद्यकाचा सल्लाही कुवलयानंदांच्या सावधगिरीच्या सूचनांशी जुळतो. शेती यंत्रावर गेल्याने आणि दुचाकी दारात आल्याने शेतकऱ्याचा मुलगाही आता त्या जुन्या बैठ्या वर्गातच येऊन बसला आहे.

स्वामी कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी निवर्तले. लोणावळ्यात त्यांची संस्था, महाविद्यालय आणि प्रयोगशाळा उभी आहे. त्यांच्या चरित्रनोंदींत अमळनेरच्या सात वर्षांना बहुधा दोन-तीन वाक्यांपलीकडे जागा मिळत नाही, आणि त्यांतील एक वाक्य महाविद्यालय बंद पडल्याचे असते.